रोज २०० बॉल टाकून पोरगं अमेरिकेला जात नाही, हाडाच्या डॉक्टरकडं जातं

परवा ताईकडं विश्रामबागला जेवायला गेलो होतो. भाचा, वय तेरा, आठवीत. ताटावर बसला आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला. एका हातानं, त्यात डाव्या, कशी मोडणार, त्यामुळं ताट इकडंतिकडं सरकतंय, आमटी सांडतीय. ताई म्हणाली बॉल टाकून टाकून उजवं कोपर दुखतंय त्याचं, हळदीचा लेप लावलाय. सांगलीत हळदीला काय तोटा नाही. मी विचारलं किती टाकतोस रे, तर पठ्ठ्या छाती काढून सांगतोय, "मामा, परवा एकशे ऐंशी झाले, काल एकशे साठला थांबलो, लई कळ आली." मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढलाय आणि त्याच्या आतलं प्लास्टर उडून वीट दिसायला लागलीय.

हे कुणी शिकवलं? दाजींनी. दाजींना कुणी शिकवलं? व्हॉट्सॲपनं.

मेसेज तुमच्याकडं पण येऊन गेला असेल, 'मुलाला बेसबॉल शिकवा, करोडपती बनवा' म्हणून. थोडक्यात सांगतो. बेसबॉल म्हणजे आपला विटीदांडूच, इंग्रजांनी पळवला. उत्तर प्रदेशातल्या दोन गरीब पोरांनी दहा लाख डॉलर जिंकले आणि अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या लीगमधे खेळले. दहा ते चौदा वयात रोज २०० बॉल फुल ताकदीनं टाका, दुखलं तरी थांबू नका, दुखणं म्हणजे हात तयार होतोय. अमेरिकेत तर हुशार आईबाप पोराच्या कोपराचं ऑपरेशन आधीच करून घेतात, त्यानं स्पीड वाढतो. सर्टिफिकेट मिळालं की सरकारी नोकरी फिक्स. खाली 'दहा पालकांना पाठवा'. दाजींनी तीन ग्रुपवर पाठवला.

आधीच सांगतो, मी बेसबॉलच्या विरोधात नाही. शाळेत सॉफ्टबॉल, कॉलेजात बेसबॉल खेळलोय, कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणारा. अठरा पोरांत सहा ग्लोव्ह असायचे, घामानं ओले झालेले तेच ग्लोव्ह इनिंग बदलली की समोरच्या टीमला काढून द्यायचे. या खेळावर जीव आहे म्हणूनच डोकं फिरलंय.

विटीदांडूचं उडवून टाकतो. विटी कोलायला जमिनीत गल लागते, इथं समोरून एक गडी बॉल फेकतो, संपला विषय. बेसबॉल नावाचा खेळ १७४४ मधे लंडनला छापलेल्या लहान मुलांच्या पुस्तकात चित्रासकट आहे. अमेरिकन लोकांनी पण १८३९ मधे त्यांच्या एका माणसानं कूपर्सटाउनला हा खेळ शोधला अशी गोष्ट रचून तिथंच पुढं म्युझियम उभं केलं, ती गोष्टही खोटीच निघाली. म्हणजे थापा मारण्यात आपण एकटे नाही एवढंच समाधान.

आता ती दोन पोरं. हे अर्धं खरं आहे, मान्य करायला जिवावर येतंय पण आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भालाफेकवाले, २००८ ची जोरात बॉल टाकायची टीव्हीवरची स्पर्धा, ३७ हजारांवर पोरं आली होती त्यातून हे दोघं निघाले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या टीमनं दोघांशी करार केला. इथवर कौतुकच आहे. पण दहा लाख डॉलर कुणालाच मिळाले नाहीत, त्याला ताशी ९० मैलांच्या वर सलग तीन स्ट्राइक टाकायच्या होत्या, म्हणजे बरोबर ठरलेल्या चौकोनातनं जाणारे बॉल. रिंकूला १ लाख मिळाले, ८७ मैलांवर, म्हणजे साधारण १४० किलोमीटर. मेजर लीगमधे, म्हणजे त्या सगळ्यात मोठ्या लीगमधे, दोघांपैकी कुणीच पोचला नाही. दिनेश दोनेक वर्षांत परत आला, रिंकू बरीच वर्षं खालच्या लीगमधे झगडला, पुढं दुखापतींनी सीझनच्या सीझन गेले, आणि २०१८ ला तो अमेरिकेतल्या कुस्तीच्या शोमधे गेला, वीर महान म्हणून. पैशाचं म्हणाल तर २०२३ ला मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ७ लाख २० हजार डॉलर होता आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पोराचा १९,८०० डॉलर, तो पण त्याच वर्षीच्या नव्या करारानं वाढवून. मेसेजमधे फक्त पहिला आकडा बघून गणित केलेलं दिसतंय.

बरं आता २०० बॉल. इथं मी थांबणार, कारण इथं माझ्या भाच्याचं कोपर आहे.

ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हे सांगतायत तिथं मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही तिथली खेळाची संघटना या दोघांनी मिळून २०१४ पासून पोरांसाठी नियमावली काढलीय, पिच स्मार्ट नावाची. १३-१४ वर्षांच्या पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे ९५ बॉल. जास्तीत जास्त, रोज नाही. ६६ किंवा जास्त टाकले तर पुढं चार दिवस पिचिंग बंद. वीसपर्यंत टाकले तरच दुसऱ्या दिवशी चालतंय. आणि वर्षातनं चार महिने तरी पिचिंगला सुट्टी. या हिशेबानं ९५ टाकलेलं पोरगं आठवड्यात फार तर दोनदा बॉल टाकायला उभं राहील, आणि आमचं पोरगं भिंतीवर आठवड्याला हजाराच्या वर मारतंय, ते पण वॉर्मअप न करता, शाळेचा युनिफॉर्म घालून.

हे आकडे कुणी झोपेत काढलेले नाहीत. अलाबामाच्या बर्मिंगहॅममधे खेळाडूंच्या दुखापतींवर काम करणारी संस्था आहे, तिनं ९ ते १४ वयाचे ४८१ पिचर दहा वर्षं बघितले, २०११ ला छापलं. वर्षात १०० इनिंगच्या वर पिचिंग करणाऱ्या पोरांना गंभीर दुखापत व्हायचा धोका साडेतीन पट. गंभीर म्हणजे ऑपरेशन किंवा खेळच सुटणं. त्याच लोकांचा २००६ चा अभ्यास आहे, त्यात ऑपरेशन झालेले आणि न झालेले पोरगे शेजारी ठेवून बघितले, तर हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता ३६ पट. ३६! आणि मेसेज म्हणतोय दुखलं तरी थांबू नका.

कारण पण साधं आहे. तेराव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पुरतं जुळलेलं नसतं, मधे वाढीची कूर्चा असते, ती कच्ची. बॉल सोडायच्या आधी हात मागं जातो तेव्हा सगळा ताण त्या आतल्या बाजूवर. मोठ्या माणसाचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटतं, पोराची ती कूर्चाच ओढली जाते. म्हणून आतल्या टोकाला बोट लावलं की पोरगं कळवळतं. आमच्याला लावून बघितलं, ताट सोडून उठला.

आमच्या टीमचा पिचर होता एक, त्याला कोच सकाळ-संध्याकाळ टाकायला लावायचे कारण दुसरा पिचरच नव्हता. आज पण तो चहाचा कप घेतो तेव्हा कोपर पूर्ण सरळ होत नाही. आणि कोपर काय चीज आहे हे सांगलीकरांना तरी सांगायची गरज पडू नये. आपल्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं २०२२ चं बर्मिंगहॅमचं कॉमनवेल्थ आठवा, गोल्ड एका किलोनं गेलं, का गेलं, वजन उचलताना कोपर गेलं म्हणून. ते बर्मिंगहॅम इंग्लंडचं, हे अलाबामाचं, कोपर मात्र तेच.

ऑपरेशनवाला मुद्दा वाचून तर मी हसावं का रडावं तेच कळेना. तरी हा गैरसमज अमेरिकेत पण आहे, म्हणजे थाप इंपोर्टेड आहे. त्या ऑपरेशनला टॉमी जॉन म्हणतात, हा डॉजर्स टीमचा पिचर होता, १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या डाव्या कोपरात उजव्या हाताची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून बसवली, लिगामेंटच्या जागी. हाडाला भोकं पाडून त्यातनं ओवायची. १९७५ चा अख्खा सीझन गेला, १९७६ ला परत आला आणि त्यानंतर १६४ मॅच जिंकला. त्यामुळं लोकांना वाटतं ऑपरेशननं हात लोखंडाचा होतो. अहो, लिगामेंट फाटलं होतं म्हणून केलं! आज पण परत मैदानावर यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि परत आल्यावर जो जोर दिसतो तो त्या वर्ष-दीड वर्षात केलेल्या व्यायामाचा असतो. चांगल्या कोपराला भोकं पाडून घेणं म्हणजे नवीन गाडीचं इंजिन उघडून बसणं.

भाच्याला मी ती कंडरा दाखवली. अंगठा आणि करंगळी जुळव, मनगट जरा आत वाकव. मधोमध दोरीसारखी शीर उभी राहिली. म्हटलं ही काढतात. त्यानं पटकन हात मागं घेतला. दाजी पण स्वतःचं मनगट वाकवून बघत होते, त्यांना सापडेना. असते असं, काही लोकांना नसतेच ती. गप्प झाले.

नोकरीचं एका वाक्यात. राज्यात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते कुठल्याही सर्टिफिकेटवर नाही, स्पर्धेची पातळी, नंबर कितवा आणि वर क्रीडा खात्याची पडताळणी, त्यात भल्याभल्यांचे कागद परत आलेत. गल्लीतल्या टूर्नामेंटचं लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट फाइलला लावून ठेवा, छान दिसतं.

दुसऱ्या दिवशी पोराला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे काढला, कूर्चा ओढली गेलीय, सहा आठवडे थ्रो पूर्ण बंद, मग हळूहळू. त्याला म्हटलं तोवर पळ, पायाचं काम कर, ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरनं येणारा बॉल, उचलायला शीक, आणि एक वही घाल, परत सुरू झालास की किती टाकले ते रोज लिहायचं. दाजींनी ग्रुपवर मेसेज डिलीट केला, फक्त स्वतःकडचा केला, तो भाग वेगळा.

काल रात्री दहाला भाच्याचा फोन. "मामा, डाव्या हातानं टाकले तर ते पण वहीत लिहायचे का?"

मागनं भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज येत नव्हता, तेवढं मी ऐकून घेतलं.