ओळखीचा माणूस आणि उचल

"पोटच्या पोराला विकणारे कसले आईबाप?" मुलांच्या तस्करीची बातमी आली की कुणीतरी हे म्हणतंच. मीही पूर्वी म्हणायचे. आता मला ते ऐकवत नाही.

घरातलं कुणी आजारी पडतं, कमावता माणूस जातो, पीक बुडतं. उसनं मागायला दार उरत नाही. मग नात्यातलाच, शेजारचाच, आधी शहरात गेलेला कुणीतरी येतो. पोरगी चांगल्या घरात कामाला राहील, शिकेल, पोटभर जेवेल म्हणतो आणि हातावर उचल ठेवतो. त्या घटकेला तो देवासारखा वाटतो. पुढे प्रवासाचे, जेवणाचे, राहण्याचे पैसे त्याच उचलीत मिळवले जातात आणि लेकरू राबत असताना कर्ज वाढत जातं. देशातल्या देशात तर पासपोर्ट लागत नाही, सीमा लागत नाही. बसमध्ये शेजारी बसलेलं मूल भाचीच वाटतं.

"ती स्वतःहून आली" हा बचाव टिकत नाही. 2000 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार, म्हणजे माणसांच्या तस्करीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, 18 वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं किंवा ठेवून घेतलं, एवढ्यानेच ती तस्करी ठरते. फसवणूक, धाक सिद्ध करावा लागत नाही आणि संमतीला किंमत नाही. पण जन्माची नोंदच नसेल तर वय कशावरून सांगायचं? आणि नोंद करायची राहून जाते ती बहुधा गरिबाघरचीच.

गरिबी म्हणजेच तस्करी, असं मात्र मी म्हणणार नाही. बहुसंख्य गरीब आईबाप उपाशी राहतात, पण मूल सोडत नाहीत. संकटाच्या त्या आठवड्यात बिनशर्त पैसे कुणी दिले का, दवाखाना फुकट होता का, शाळा चालू होती का, यावर फार काही ठरतं. म्हणून "अनोळखी माणसांपासून सावध राहा" अशा फलकांचा मला राग येतो. येणारा अनोळखी नसतोच! आणि आईला धोका कळत नसतो असंही नाही, तिच्याकडे दुसरा रस्ता नसतो.

छापा पडतो, मुलं सुटतात, घरी पोहोचवली जातात. घरी ती उचल तशीच बाकी असते. माझं मागणं आहे की सुटकेच्या कागदांत त्या घरावर कुणाचं किती देणं आहे हेही लिहिलं जावं, मूल परतण्याआधी ते रद्द व्हावं आणि पुढचं वर्षभर त्या आईच्या हातात दरमहा रोख रक्कम पडावी.