रांगेत पोरांनी करायचं काय?

दर मे महिन्यात तेच! म्हापशाहून बहिणीच्या दोन पोरांना घेऊन वॉटर पार्कला जायचं, आणि अर्ध्या मिनिटाच्या घसरगुंडीसाठी पाऊण तास पत्र्याखाली घामाघूम उभं राहायचं. नागमोडी रेलिंग, तेही नेमकं पाच वर्षांच्या मुलाच्या नाकासमोर. त्याला दिसतात फक्त मोठ्यांच्या ओल्या पाठी. मग तो रेलिंगवर चढतो आणि शिटीवाला त्याच्या आईवर खेकसतो. चूक त्या पोराची आहे का?

ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये २०१२ साली उडत्या हत्तींच्या राईडला दुसरं चक्र जोडलं, आईबापांच्या हातात पेजर दिले आणि मुलांना तंबूत खेळायला सोडलं. पाळी आली की पेजर वाजायचा.

इथे तेवढा खर्चसुद्धा नको. भिंतीवर मुलांच्या उंचीला गोव्याचं रान रंगवा, त्यात बारा गवे लपवा, पोरं शोधत शोधत पुढे सरकतील. कावीची, म्हणजे आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी लाल मातीच्या रंगाची, नक्षी कोरा, बोटाने गिरवू दे त्यांना. लादीवर लंगडीची घरं आखा.

दारात मुलांची उंची मोजायची पट्टी न चुकता लावता ना? मग रांग बांधताना ती उंची कशी विसरता?