मुली फक्त उभ्या राहतात म्हणे!

जपानी रॉकचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: तिथले मुलींचे बँड म्हणजे कंपन्यांनी जमवलेले चेहरे. गाणी बाहेरची माणसं लिहितात, वाद्यंही पडद्यामागे दुसरंच कुणी वाजवतं, अ‍ॅनिमेच्या (जपानी कार्टून मालिकांच्या) कृपेने गाणं चालतं, कपडे बघून गर्दी जमते आणि मुलींची पंचविशी उलटली की दुकान बंद. खाली हसणाऱ्या इमोजी. एवढे आरोप एका दमात केले की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी तथ्य असणारच. थोडं आहेही, पण भलत्याच ठिकाणी.

आधी अ‍ॅनिमे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ‘स्कँडल’ हा बँड कळला तो ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’च्या शेवटी वाजणाऱ्या ‘शुन्कान सेंटिमेंटल’मुळे, किंवा ‘ब्लीच’च्या सुरुवातीच्या ‘शोजो एस’मुळे. ठीक आहे. पण आपण त्या वाटेने आलो हा आपला इतिहास झाला, त्या संगीताचा नव्हे. जपानमध्ये मुलींच्या बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं कोणतं विचाराल तर बहुतेक लोक ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’च्या ‘डायमंड्स’चं नाव घेतील. ते एप्रिल १९८९चं. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि विक्रीवरून गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या ओरिकॉनच्या त्या वर्षाच्या यादीत ते पहिलं आलं. दुसऱ्या क्रमांकावर होतं ‘सेकाई दे इचिबान आत्सुई नात्सु’, म्हणजे जगातला सर्वांत तापलेला उन्हाळा. तेही याच पाच जणींचं! अख्ख्या देशाच्या वार्षिक यादीतल्या पहिल्या दोन जागा एका बँडकडे, आणि त्यासाठी कुठल्या कार्टूनचा टेकू लागला नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी टोकियोच्या निप्पोन बुदोकान या मोठ्या सभागृहात कार्यक्रम केला. फक्त बायकांच्या रॉक बँडने बुदोकान गाजवण्याची ती पहिली वेळ.

आता मुख्य मुद्दा: गाणी कोण लिहितं? या एका आरोपाचा निकाल गाण्याखालचं श्रेय वाचून लागतो, पण मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी ते वाचतं कोण? जपानमध्ये शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे वेगवेगळं छापतात, त्यामुळे लपवायला फारशी जागा नसते. ‘डायमंड्स’चे शब्द गिटारवादक नाकायामा कानाकोचे, चाल गायिका ओकुई काओरीची. त्याच सिंगलवर सोबतीला ‘एम’ नावाचं गाणं होतं. विसरता न येणाऱ्या माणसाबद्दलचं हे संथ गाणं पुढे इतकं रुजलं की आजही अनेकांना मुख्य गाण्यापेक्षा तेच जवळचं वाटतं. त्याचे शब्द ड्रमवर बसणाऱ्या तोमिता क्योकोचे. तापलेल्या उन्हाळ्याचे शब्दही तिचेच. ‘डायमंड्स’मधली माझी आवडती जागा सांगायचा मोह आवरत नाही: रेकॉर्डवर सुई टेकते त्या क्षणी छातीत होणारी धडधड जपून ठेवा, असं नाकायामा सांगते. हे गाणं विकलं गेलं तेव्हा रेकॉर्डी मागे पडून छोट्या सीडी आल्या होत्या. असा तपशील रेकॉर्डी ऐकत वाढलेल्या मुलीलाच सुचावा, असं मला वाटतं.

ड्रमरने शब्द लिहिण्याचा हा प्रकार एवढ्यावर थांबत नाही. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा ‘चॅटमॉन्ची’ हा तिघींचा बँड घ्या. त्यांचं सर्वांत लोकप्रिय गाणं ‘शांग्रिला’ २००६चं. शब्द ड्रमर ताकाहाशी कुमिकोचे, चाल गायिका-गिटारवादक हाशिमोतो एरिकोची. हो, हे गाणंही ‘हाताराकी मान’ या अ‍ॅनिमेच्या शेवटी वाजायचं. पण गाणं मालिकेत वाजलं म्हणून ते मालिकेने लिहिलं असं होत नाही.

आरोपातला खरा भाग इथेच सांगून टाकतो. साप्पोरोच्या ‘झोन’चं २००१चं ‘सीक्रेट बेस’ माचिदा नोरिहिकोने लिहिलं, बँडमधल्या मुलींनी नाही. होक्काइदोच्याच ‘व्हाइटबेरी’चं ‘नात्सु मात्सुरी’ हे ‘जिटरिन जिन’ या बँडच्या १९९०च्या गाण्याचं दुसरं रूप. ‘स्कँडल’ची सुरुवातीची बरीच गाणी बाहेरच्यांची. आणि ज्या ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ची मी एवढी बाजू घेतोय, तो बँडसुद्धा १९८३मध्ये ऑडिशन घेऊनच जमवलेला, तेव्हा नाव होतं ‘आकासाका कोमाची’. पण ‘जमवलेल्या’ याच पाच जणी सहा वर्षांनी स्वतःच्या गाण्यांवर पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. ‘स्कँडल’च्या मुली पुढे स्वतः लिहू लागल्या, ‘बँड-मेड’ या आणखी एका बँडचंही तेच. सुरुवात कुणी करून दिली यावरून पुढचं सगळं ठरवायचं असेल, तर जगातले निम्मे पुरुष बँडही मोडीत काढावे लागतील.

वाद्यं दुसरेच वाजवतात हा आरोप बहुधा ‘बोची द रॉक’ या कार्टून मालिकेतून गळून आलाय. त्यातला ‘केस्सोकू बँड’ काल्पनिक आहे, तेव्हा गायला आवाज-कलाकार आणि वाजवायला व्यावसायिक वादक असणारच. तो नियम खऱ्या बँडना कसा लावायचा? उलट देणं पाहायचं तर त्या मालिकेनेच खऱ्या रॉककडून घेतलंय: चारही मुलींची आडनावं ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ या जपानी रॉक बँडमधल्या चार पुरुषांची आहेत.

२०११मध्ये ताकाहाशी ‘चॅटमॉन्ची’तून बाहेर पडली. उरलेल्या दोघींनी काय केलं? फुकुओका आकिकोने बास बाजूला ठेवला आणि ती स्वतः ड्रमवर बसली. पुढच्या वर्षीचा ‘हेन्शिन’ हा अल्बम दोघींनी तसाच केला. पडद्यामागे भाड्याचे वादक तयार असते तर हा उपद्व्याप कुणी कशाला केला असता? ओसाकाच्या ‘शोनेन नाइफ’ या मुलींच्या बँडला १९९१मध्ये ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडने ब्रिटनच्या दौऱ्यावर सोबत घेतलं, ते काय चेहरे दाखवायला? हेवी मेटलकडे झुकणाऱ्या ‘शो-या’ या बायकांच्या बँडने तर १९८७मध्ये टोकियोच्या हिबिया इथल्या खुल्या रंगमंचावर फक्त महिला कलाकारांचा ‘नाओन नो याओन’ हा महोत्सव सुरू केला. तिथे डोक्यावर आभाळ आणि समोर प्रेक्षक, नक्कल लपवायची कुठे?

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. ‘बँड-मेड’च्या पाच जणी मेडच्या, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईच्या, वेषात वाजवतात, कारण त्यांच्यातली कोबातो मिकू आधी मेड कॅफेत, म्हणजे असाच वेष घातलेल्या मुली जिथे वाढतात तिथे, काम करायची. वेष नाजूक आणि वाजवणं दणदणीत, हा विरोधाभास तिचीच कल्पना. हा बँड २०२३मध्ये शिकागोच्या लोलापलूझा संगीत महोत्सवात वाजला. आणि वेषावरून संगीताची प्रत ठरत असेल तर लाली-काजळ लावून उभ्या राहणाऱ्या व्हिज्युअल केई या जपानी रॉक प्रकारातल्या पुरुषांना हा प्रश्न कुणी कधी विचारलाय?

राहिला वयाचा प्रश्न. ‘स्कँडल’च्या चौघी २००६पासून पुढची सतरा वर्षं तरी त्याच राहिल्या, एकही बदल नाही, सभासद न बदलता सर्वाधिक काळ टिकलेला महिला रॉक बँड म्हणून २०२३मध्ये गिनीजनेही नोंद घेतली. ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ १९९६मध्ये थांबला हे खरं. पण ईशान्य जपानमधल्या तोहोकूच्या भूकंप-त्सुनामीनंतर, २०१२मध्ये, पाचही जणी मदतीसाठी पुन्हा एकत्र आल्या. त्या कार्यक्रमांतून उभ्या राहिलेल्या पैशांचा एक भाग तिथल्याच सेंदाई शहरात संगीताचं सभागृह बांधायला गेला. ‘सेंदाई पिट’ २०१६च्या मार्चमध्ये उघडलं, आणि पहिला कार्यक्रम याच बायकांनी केला, पन्नाशीच्या आसपासच्या वयात.