जेवण त्यांचं आहे, मग जागा आपल्या आवडीची कशाला?

आज सकाळी भावंडांच्या ग्रुपवर दादाने रेस्टॉरंटांची यादी टाकली. आई-बाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं होतायत, त्या दिवशी त्यांना कुठे जेवायला न्यायचं ते ठरवायचंय. यादी कसली, नुसते फोटो. काळ्या भिंती, लोंबते दिवे, भल्यामोठ्या प्लेटच्या मधोमध एक घास. खाली धाकटीचा मेसेज, "दुसरं घ्या, फोटो भारी येतील!" मी विचारलं, आई-बाबांना विचारलंय का कुणी? तर उत्तर आलं, "त्यांना काय कळणार त्यातलं? सरप्राइज देऊ."

त्यांना काय कळणार! हे वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. आपल्याला कुठल्या शाळेत घालायचं, आजारी पडलो तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं ज्यांना कळत होतं, त्यांना स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला कुठे बसून जेवायचं एवढं कळत नाही?

मला हे इतकं लागायचं कारण काका-काकूंचं जेवण. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला चुलत भावंडांनी असंच एक नावाजलेलं ठिकाण शोधलं होतं. नाव घेत नाही. काकांचा डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्यात यंत्र. त्यामुळे काकू कायम त्यांच्या उजव्या हाताला बसते. घरात, गाडीत, कुणाच्या कार्यात, सगळीकडे. इतकी वर्षं झाली, कुणाला सांगावं लागत नाही, ती आपोआप त्या बाजूला जाते. तिथे मात्र फोटोत मागची भिंत चांगली यावी म्हणून दोघांच्या जागा बदलल्या. काकू डावीकडे गेली, आणि काकांच्या चांगल्या कानाच्या बरोब्बर वर स्पीकर. थोड्या वेळाने काकांनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यानंतर ते नुसते हसत होते. कुणी काही बोललं की हसायचे. घरी येताना सगळे म्हणत होते, "काका किती खुश होते!"

खुश नव्हते हो. त्यांना कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं.

वयाबरोबर कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले जातात. स, श, फ, थ असली व्यंजनं पुसट होतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय, पण कळत नाहीये." आपण त्यावर आणखी ओरडतो. यंत्र लावलं म्हणजे काम झालं असंही नाही, ते शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचेसुद्धा मोठे करून कानात घालतं. एका टेबलावर दोन माणसं साधं बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल. टणक फरशी, काचेच्या भिंती, उघडं छत, आणि माणसं भरलेली, अशा जागेत तो सहज ८०च्या घरात जातो. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, वीसची म्हणजे शंभरपट. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वीच हे मांडून ठेवलंय. एक टेबल ओरडतं म्हणून दुसरं ओरडतं आणि त्या सगळ्याच्या मधोमध आपले पंचाहत्तरीचे आई-बाप बसलेले!

आणि तो अंधार. रोमँटिक म्हणे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. काकू मेनू वाचायला फोनचा टॉर्च लावत होती तर चुलत भाऊ म्हणाला, "अगं ठेव ते, आम्ही मागवतो ना." तिने मुकाट्याने फोन पर्समध्ये टाकला. स्वतःच्या दिवशी स्वतःला काय खायचंय हे सांगायचंही राहून गेलं तिचं. आता तर कित्येक ठिकाणी छापील मेनूच नसतो, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणतात. मग बाबा लोक फोन आपल्या हातात देतात आणि म्हणतात, "तूच बघ."

मान्य, काहींच्या आई-बाबांना असली झगमग मनापासून आवडते. माझ्या एका मैत्रिणीची आई आमच्यापेक्षा हौशी आहे, तिला खुशाल न्या. पण ती हौस तिची असू दे.

रेटिंगचं मला कुणी सांगू नका. दादा म्हणाला, "अगं, एवढे स्टार आहेत." जगात ज्या तार्‍यांचा सगळ्यात मोठा मान, ते मिशेलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडचे तारे, १९२६ पासून दिले जातात, तेसुद्धा प्लेटमधल्या पदार्थाला असतात. खुर्ची, जिना, आवाज यांचा त्यात हिशोब नसतो. आणि ऑनलाइन स्टार देणारा कोण? रात्री अकराला मित्रांबरोबर गेलेला पंचविशीतला पोरगा. त्याला गुडघे आहेत हेही त्याला अजून माहीत नाही.

जिन्यावरून आठवलं. काका-काकूंचं टेबल "स्पेशल" म्हणून वरच्या मजल्यावर दिलं होतं आणि बाथरूम खाली, गोल जिन्याने. काकू संध्याकाळभर पाणी प्याली नाही. ग्लास भरलेलाच होता. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "नको गं, परत उतरावं लागेल." हे कुठल्या फोटोत आलं का? त्या दिवसाचे सगळे फोटो सुंदर आहेत.

बरं, इथपर्यंत लिहिलं आणि मग राहवलं नाही, आईला फोन केला. सरप्राइज बिघडलं तर बिघडलं. सरळ विचारलं, तुम्हाला कुठे जायला आवडेल? आधी नेहमीचंच, "कशाला एवढा खर्च, घरीच करू काहीतरी." ते ऐकून घेतलं आणि गप्प बसले. मग ती हळूहळू बोलायला लागली. "लवकर जाऊया, ह्यांच्या रात्रीच्या गोळ्या असतात. टेकायला पाठ असलेली खुर्ची असू दे, त्या खोल सोफ्यातून उठता येत नाही मला. आणि मला ह्यांच्या समोर बसव गं, शेजारी नको. शेजारी बसवलं की नुसते फोटो निघतात, बोलणं होत नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "लग्नानंतर आपण पहिल्यांदा बाहेर जेवलो ती जागा चालू आहे का अजून, विचार तिला." आई म्हणाली, "अहो, ती कसली असतेय आता!" आणि मग दोघांचं तिथेच सुरू झालं. तिथे टेबल खिडकीशी होतं की दाराशी, पाऊस होता की नव्हता, पैसे कुणी मोजले. मी फोन धरून ऐकत राहिले. आमच्या कुणाच्याच यादीत ते नाव नव्हतं, कारण आम्हाला ते माहीतच नव्हतं.

राग बराच उतरलाय आता. दादाचाही जीव आहे त्यांच्यावर, मला माहीत आहे. ऑफिस सांभाळून रात्री जागून यादी केली त्याने. पण दादा, तू हे वाचशील तेव्हा ऐक. ती जागा चालू असेल तर तिथे, नसेल तर दुसरीकडे, पण बुकिंगच्या आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळेला तिथे जाऊन बसायचं. भर दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन "शांत आहे" म्हणायचं नाही. बाथरूमपर्यंत स्वतः चालून बघायचं, पायर्‍या मोजायच्या. टेबल स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको, स्पीकरखाली नको. गाणी कमी कराल का, हे फोनवरच विचारायचं. जो मॅनेजर तेव्हा का-कू करतो, तो त्या रात्री काय ऐकणार? एकामागून एक बारीक बारीक पदार्थ आणत तीन तास चालवतात ते जेवण नको, बाबांना इतका वेळ बसवत नाही. बिल आधीच आपल्याकडे द्यायला सांगायचं, नाहीतर दोघं मेनूची उजवी बाजू बघून मागवतील. टाळ्या वाजवत मेणबत्ती आणायची का, हे आईला विचारायचं. तिला चालेल, बाबांना बहुतेक नाही.

आणि सगळं गणगोत एकाच टेबलावर नको. वीस माणसांच्या लांबलचक टेबलावर त्या दोघांच्या वाट्याला कोण येतं? इकडे दोन, तिकडे दोन. बाकीच्यांना दुसर्‍या दिवशी घरी बोलावू, मी करते सगळं.

तुमच्यापैकी कुणी आई-बाबांना अशा ठिकाणी नेलं असेल जिथे ते खरंच निवांत बोलत बसले, तर टेबल कुठलं घेतलंत, किती वाजता गेलात, तेही लिहा. दिसायला किती छान आहे ते नाही सांगितलंत तरी चालेल.