उणे टक्क्यांची बोट

आमच्या गल्लीत "पाणी आलंऽ!" अशी आरोळी उठली की माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून उठतो. नळ चार दिवसांआड येतो, कधी पाच. हंडे, कळशा, बादल्या, पिंप, आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ, जे हाताला लागेल ते भरायचं. "अशा गावात या माणसाने बोट आणली," हे वाक्य बायकोने पहिल्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर दिलं.

बोट मिळाली अक्कलकोट रोडला, एका भंगारवाल्याकडे. कुठल्याशा बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्राचा माल. साडेचौदा फूट, अख्खी अॅल्युमिनियमची, मागे जेटचा पंप. इंजिन नव्हतं. "इंजिन काय, मिळतंय की कुठंबी," चाचा म्हणाले आणि काट्यावर चढवून त्यांनी बोट किलोवर विकली. तीनशे दहा किलो. लोक बोटीला नाव ठेवतात, माझ्या बोटीला आधी वजन मिळालं.

आता मी अगदीच बिनडोक नाही. माझ्याकडे कारण होतं आणि ते मी गच्चीवर बसून पुन्हापुन्हा घोकलं होतं. जेट बोटीला खाली पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, इंपेलरने, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांनी, दाबायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी 1950 च्या दशकात ही बोट यशस्वी केली, ती तिकडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी. साधा पंखा तिथे पहिल्याच दगडाला मोडायचा. 1960 मध्ये तर अशा बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट वर गेल्या. म्हणजे कमी पाण्यात चालणारी बोट. आणि कमी पाण्याच्या बाबतीत आमचा हात कोण धरणार? आमच्या सोलापूरच्या उजनी धरणात 63 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त मृतसाठा आहे, म्हणजे एरवी हिशोबात न धरायचं तळाचं पाणी. पाणी त्याच्या खाली उतरलं की टक्केवारी उण्यात मोजतात. 'उजनी उणे तीस', 'उजनी उणे चाळीस' असल्या बातम्या आम्ही कडक भाकरी मोडता मोडता वाचतो. जगात दुसरीकडे कुठे धरणाला कर्जबाजारी करत असतील असं मला वाटत नाही. अशा धरणाला हीच बोट हवी, हा माझा मुद्दा. बायकोने तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "अहो, पण गाडी कुठे लावायची?"

गाडी रस्त्यावर गेली. बोट अंगणात, चार टायरांवर.

पंप उघडायला शेतीच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका मामांना बोलावलं. ते बिचकतील असं वाटलं होतं. त्यांनी बोटीखाली मान घातली, जाळी बघितली, मागचं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ही बोट कुठली बे? ही विहिरीवरची मोटर आडवी पाडलीय. ही फुटव्हॉल्व्हची जाळी, हा इंपेलर, ही डिलिव्हरी. पाणी शेतात जायच्या ऐवजी पाण्यातच जातंय, एवढंच." हॅमिल्टनसाहेबांचं आयुष्यभराचं काम मामांनी तंबाखू मळता मळता उरकलं. मग इंपेलर आणि त्याच्याभोवतीची कडी यांच्या फटीत नख घालून बघितलं. तिथे मिलिमीटरभरही जागा नको, नाहीतर पाणी मागे जायच्या ऐवजी तिथल्या तिथेच घोळतं. आमच्या फटीत मामांची करंगळी गेली. लेथवाल्याकडून स्टेनलेसची नवी कडी करून आणली आणि इंपेलरची गोट्यांनी कुरतडलेली पाती घासून घेतली. या कामाला दोन दिवस लागले.

बोल्टांना तीन रविवार लागले. कुणीतरी अॅल्युमिनियममध्ये साधे लोखंडी बोल्ट बसवले होते. दोन धातू आणि ओल एकत्र आली की त्यांच्यात बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो आणि त्यात बिचारं अॅल्युमिनियम खंगतं. प्रत्येक बोल्टाभोवती रांगोळीसारखी पांढरी पूड जमली होती. घासलेट झालं, हातोडी झाली, पान्याला पाइप लावून लटकणं झालं. शेवटी मामांनी बोल्टाऐवजी त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम तापवलं, कारण ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं. सात बोल्ट निघाले. आठवा मध्येच तुटला आणि त्या दिवशी आमच्या घरात जे शब्द उच्चारले गेले ते मुलाने नंतर शाळेत वापरले.

खरा खेळ मात्र तळाच्या चिरांचा. आधीच्या मालकांनी तिथे एमसील भरलं होतं, त्यावर डांबर, त्यावर रंग, त्यावर पुन्हा एमसील. मी आठवडाभर पटाशी घेऊन उत्खनन केलं. मग यंत्रमागाचे सुटे भाग जोडणारा ओळखीचा वेल्डर आला. तो लोखंडातला माणूस. "होतंय की," म्हणाला. लोखंड वितळायच्या आधी लाल होतं, माणसाला सावध करतं. अॅल्युमिनियमला तेवढा सभ्यपणा नाही. रंग न बदलता ते बसून राहतं आणि एकदम खाली पडतं. बोटभर लांबीची चीर होती, तिथे आता बशीएवढं भोक झालं. वेल्डर भोकातून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

दुसरे आले ते अण्णा. घरी तेलुगू, कामावर मराठी, वेल्डिंग आर्गॉन वायूवर. त्यांनी मला समजावलं, "सर, दूध तापतंय तसं आहे हे. वर साय." अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते. खालचं दूध 660 अंशांना वितळतं, सायीला मात्र 2000 अंशांच्या वर जावं लागतं. साय आधी स्टीलच्या ब्रशने खरवडायची आणि एसी करंट लावायचा, म्हणजे उरलेली वेल्डिंग चालू असतानाच फुटते. ब्रश कोरा पाहिजे, लोखंडावर फिरलेला चालत नाही. एवढं सांगून अण्णांनी बायकोकडे चादर मागितली. अंगणात वारा सुटला होता आणि वाऱ्याने आर्गॉन उडाला की जोड जाळीदार होतो. आमच्या लग्नातल्या दोन चादरी, मोरांच्या, बोटीभोवती बांधल्या गेल्या. बाहेर त्रेचाळीस अंश, पंखा बंद, आत अण्णा निळ्या उजेडात गुडघ्यावर. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय हो, बाळंतीण आहे का आत?"

जोड संपले. आता गळती तपासायची. बोट पाण्यात टाकायला पाणी नाही, म्हणून उलटं करायचं. पाणी बोटीत टाकायचं आणि खाली कुठे थेंब येतो ते खडूने गिरवायचं. नळाच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी पाइप बोटीत सोडला. गल्लीतल्या बायका हंडे टेकवून बघत राहिल्या. पहिल्या खेपेला अकरा खुणा, दुसऱ्याला चार. तिसऱ्या खेपेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक थेंब नाही. मी आनंदाने पाणी सोडून द्यायला मागचं बुच फिरवलं, तर बायको दारात उभी. "खबरदार."

त्यानंतर मे महिनाभर बोटीत पाणी होतं. वर ताडपत्री. चार दिवसांआड भरायची, चार दिवस भांडी आणि कपडे. आमच्या गल्लीत तेवढी मोठी टाकी दुसरी कुणाची नव्हती. आधी हसणारे काका दोन बादल्या मागायला आले. बुच काढून पाणी घेताना सांडतं म्हणून बायकोने प्लंबरला बोलावून तिथे तोटी बसवून घेतली. मी एवढंच म्हणालो की पितळी नको, अॅल्युमिनियमला खाते, प्लॅस्टिकची लाव. संसारात माझं तांत्रिक मत मानलं गेल्याचा हा एकमेव प्रसंग.

जूनमध्ये एका मित्राच्या शेतातून, करमाळ्याकडच्या बॅकवॉटरला, बोट पहिल्यांदा पाण्यात सोडायचं ठरलं. इंजिन अजून नव्हतंच, नुसती तरंगते का बघायचं होतं. उजनी अर्थातच उण्यात. चिखल ओलांडून ट्रॅक्टरने मागे ढकलत नेली, दोर ट्रॅक्टरलाच बांधलेला. अण्णा आत चढले, मी काठावर. बोट हलली, डुलली, सुटली. गुडघाभर पाण्यात बोट तरंगत होती आणि माझ्या डोळ्यात, खोटं कशाला सांगू, उजनीपेक्षा जास्त साठा होता.

आदल्या रात्री बायकोने बोट रिकामी केली होती. तोटी पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे शेवटचा थेंबही निघावा. ती बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. आमच्या घरात उघड्या तोटीतून काही येतं असा कुणाचा अनुभवही नाही.

आतून अण्णा ओरडले, "सर, पाणी आलंऽ!"

आणि मी बादली शोधायला धावलो.