तवा कुठे टेकवू?

आमच्या घरात गेली बत्तीस वर्षं तव्याची जागा ठरलेली होती. गॅसच्या डाव्या हाताला, काळ्या कडप्प्यावर. शेवटची भाकरी उतरली की आई सांडशीने तवा धरून तिथे टेकवायची, टण्ण असा आवाज व्हायचा आणि आम्ही हात धुवायला उठायचो. वेगळी हाक मारायची गरज कधी पडली नाही.

ओटा नवा करायचं ठरलं तेव्हा बायकोने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पांढराशुभ्र ओटा, त्यावर एक फुलदाणी आणि फुलदाणीच्या पायाशी तीन लिंबं.

"या घरात जेवतात का?" आईने विचारलं.

भांडण दोघींचं, पण दगड आणायची जबाबदारी माझी. मी अट एकच ठेवली : गरम तवा सोसेल तोच दगड घ्यायचा. ही अट मला शास्त्रीय आणि निःपक्षपाती वाटली होती.

पहिल्या दुकानात ग्रॅनाइटच्या लाद्या लग्नातल्या वऱ्हाडासारख्या भिंतीला टेकून उभ्या. जेट ब्लॅक, तेलंगणातला टॅन ब्राउन, आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी. या गॅलेक्सीत काळ्यावर सोनेरी ठिपके असतात; त्यावर मोहरी सांडली तर ती शोधायला दुर्बीण लागेल. मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो, म्हणून सांगितलं की बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा बराचसा दगड भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "चालेल सर, बिल ग्रॅनाइटचंच करू."

दुसऱ्या दुकानात एसी होता. म्हणजे भाव काय असणार ते दारातच कळलं. तिथल्या मुलाने 'हीट रेझिस्टंट' हा शब्द पाच मिनिटांत सात वेळा वापरला.

"म्हणजे तवा ठेवला तर चालेल?"

"बिनधास्त ठेवा सर. फक्त गरम नको."

मग त्याने 'कोरियन' दाखवलं. आई म्हणाली, "तिकडून यायला किती दिवस लागतात?" त्याने समजावलं की आजी, याचा कोरियाशी संबंध नाही, हे एका अमेरिकन कंपनीच्या मालाचं नाव, आता सगळ्यालाच तसं म्हणतात. मुळात अक्रिलिक. जोड दिसत नाही, डाग घासून काढता येतो, सगळं खरं; पण अक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच्या गोत्रातलं. तव्याशी त्याची पत्रिका जुळणं कठीण.

बायकोचा जीव होता क्वार्ट्झवर. हा खाणीतून लादीसारखा निघत नाही. क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बाकी त्याला बांधून ठेवणारं रेझिन, असं दाबून घट्ट करतात.

"म्हणजे बेसनाचा लाडू," आई म्हणाली. "बेसनाला काही होत नाही रे. तूप वितळतं."

पॉलिमर रसायनशास्त्र इतक्या कमी शब्दांत मी कुठे वाचलेलं नाही. क्वार्ट्झ स्वतः कितीही ताप सोसतो, पण साधारण दीडशे अंशांपुढे रेझिनचा रंग जाऊ लागतो. कुकरच्या आत एकशेवीस अंशांच्या आसपास असतं, तो एखाद वेळ निभावेल. भाकरीचा तवा दोनशेच्या वर असतो.

सिंटर्ड स्टोन नावाचा आणखी एक प्रकार होता. बाराशे अंशांत भाजलेला, म्हणजे आमचा तवा त्याला थंड वाटावा. भाव ऐकून चटका मात्र मला बसला. आम्ही पाणी पिऊन निघालो.

सगळीकडून नमुन्याचे तुकडे मात्र मागून आणले होते. रविवारी सकाळी मी ते गच्चीत मांडले आणि शेगडीवर तवा तापवला. कोरियनचा तुकडा फुगून वर आला. क्वार्ट्झवर फिकट पिवळी कडा उमटली. ग्रॅनाइटवर काहीच नाही. पुसला आणि परत चकचकीत. उत्साहाच्या भरात मार्बलवर लिंबू पिळलं, तर ते बारीक फसफसलं आणि चकाकी गेली. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट सोसत नाही. कडप्प्याचंही तेच. आमच्या जुन्या ओट्यावर सिंकजवळ जो पांढुरका डाग होता, तो बत्तीस वर्षांच्या लिंबांचा हे त्या दिवशी कळलं. शेजारचे काका कठड्यावरून हे सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अहो, गॅस सिलिंडर संपलाय का?"

निकाल स्वच्छ होता. ग्रॅनाइट पहिला. मी तो वहीत लिहून, तक्ता करून, जेवणाच्या टेबलावर ठेवला.

ओटा क्वार्ट्झचा झाला.

कसा, ते विचारू नका. तक्त्यावर आमटीचं पातेलं ठेवलेलं मला दिसलं, तेव्हाच मी समजलो.

मिस्त्री आला आणि त्याने तोंडाला नुसता गमछा बांधून कोरडंच कापायला घेतलं. तेवढं मात्र मी भांडून थांबवलं. या दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये त्यावर बंदीच घातली. पाणी लावून, चांगला मास्क बांधून कापायचं ठरलं. "सगळा चिखल होईल साहेब," तो कुरकुरला. झालाही. हॉलपर्यंत.

जुना कडप्पा फोडताना आई दारात उभी होती. काही बोलली नाही. संध्याकाळी बघतो तर दीड फुटाचा एक शाबूत तुकडा तिने बाल्कनीत धुऊन उभा करून ठेवलेला.

आता पांढऱ्याशुभ्र ओट्यावर, गॅसच्या डाव्या हाताला, तो काळा तुकडा बसवलाय. खाली रबराचे चार ठोकळे. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कुकरही त्यावरच उतरवला.

मिस्त्रीने तुकड्याच्या धारदार कडा गोल करून दिल्या होत्या. बिलात खालून दुसरी ओळ होती : 'कडप्पा मोल्डिंग, सहा रनिंग फूट.'

"अहो, दगड आमचाच ना?" मी विचारलं.

"दगडाचे कुठे लावलेत साहेब? गोलाईचे लावलेत."