पीटर सिंक्स ट्रिपच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, नंतर नीट झोप लागली नाही. पीटर सिंक्सची, म्हणजे अमेरिकेत युटाच्या डोंगरातल्या त्या कडाक्याच्या थंडीच्या खोलगट जागेची ट्रिप तुमच्या मनासारखी झाली नाही त्याबद्दल आधी मनापासून सॉरी. चहा कोमट होता हे बरोबर आहे, एका थर्मासचं झाकण नीट बसत नाही, ते आधीच बघायला हवं होतं. आणि पेजवर वर मोठ्या अक्षरात तिथल्या थंडीचा आकडा 'उणे ५६' आणि तो कधीचा हे खाली बारीक अक्षरात, हे पण मान्य, ती आमची चूक.

पण तुम्ही लिहिलंय की 'पहाटे उठवून उगाच नेलं, तिथे एक टकलं मैदान आणि एक खांब, पुण्यात डिसेंबरमध्ये याहून जास्त थंडी असते, ही फसवणूक आहे'. ताई, फसवणूक हा शब्द फार लागला. माझ्या बायकोने तो वाचला आणि ती काही न बोलता किचनमध्ये निघून गेली.

पहाटे उठवलं म्हणता, पण पहाटे आपण निघालोच नाही ना. मेसेजमध्ये निघायची वेळ ५ लिहिली होती, आदल्या रात्री जेवताना मी परत सांगितलं, तुमच्या मिस्टरांनी हो पण म्हटलं. ५ वाजता मी लोगन गावातल्या तुमच्या मुक्कामाच्या घराबाहेर गाडी चालू करून उभा, ५:२० ला दार हळूच वाजवलं, ५:५० ला परत वाजवलं, तुम्ही खाली आलात ६:३५ ला, मग छोटीला दूध गरम करून हवं होतं ते दिलं, ७:१० ला निघालो. लहान मुलं आहेत, उशीर होतो, मी त्यावेळी एका शब्दाने बोललो नाही आणि आताही बोललो नसतो. पुढे कॅन्यनमध्ये, म्हणजे दरीच्या रस्त्यावर, रिक्स स्प्रिंगच्या झऱ्याला तुम्ही फोटोसाठी थांबायला सांगितलं, पाच मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस झाली, मी दोनदा म्हटलं की ताई सूर्य वर येतोय. खाली पोचलो ८:४० ला. तेव्हा गाडीच्या डिस्प्लेवर ४८ फॅरनहाइट होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने ९ डिग्री.

आता हे एवढं का सांगतोय, तर या जागेचं सगळं वेळेवरच आहे. मी मूळचा वाईचा, म्हणून वाईकडचंच उदाहरण देतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या जेट्टीवर थंडीत दव गोठतं, ते बघायला लोक अंधारात जातात, बरोबर? बाजारात तेवढी थंडी नसते आणि खाली तळ्याकाठी असते, आणि तिथे नऊ वाजता गेलं तर नुसती ओली फळी दिसते. म्हणून काय कोणी महाबळेश्वरने फसवलं असं म्हणत नाही. पीटर सिंक्स म्हणजे तेच, फक्त कितीतरी पटीने. चुनखडीचा डोंगर झिजून, खचून झालेला मोठा वाडगा आहे तो, साधारण ८,१०० फुटांवर. पाणी खालच्या भेगांमधून मुरून जातं पण हवेला बाहेर पडायला वाटच नाही, चारी बाजूंनी कडा आहे. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते, गार झालेली हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खाली येते आणि तळाशी साचते, परातीत पाणी साचावं तशी. सूर्य उगवायच्या सुमाराला ती सगळ्यात गार असते. ऊन तळावर आलं की हवा ढवळली जाते आणि थोड्या वेळात सगळं संपतं. तुमच्या मुलांचे बूट भिजले ना गवतात, ते आपण पोचायच्या आधी बहुतेक गोठलेलं दव होतं.

तुमच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, एक जोडपं आलं होतं, त्यांच्याबरोबर मी ६:२० ला तळाशी उभा होतो. हातातल्या थर्मामीटरवर १९ फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ७. आणि वर कड्यावर त्याच वेळी ४१, म्हणजे ५ डिग्री! सप्टेंबरमध्ये! काही मिनिटं वर चालत गेलं की तोंडावर ऊब लागते, हे अनुभवायलाच तर जायचं असतं. मला तुमच्या मुलांना तेच दाखवायचं होतं, तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं त्या दिवशी.

आणि ते 'टकलं मैदान'. ताई, तीच तर तिथली बघायची गोष्ट आहे. बाकी डोंगरांवर वर वर जाऊ तशी झाडं संपतात, इथे उलटं, कड्यावर झाडं आणि खाली उतरलं की संपतात, कारण तळाची थंडी रोपाला जगू देत नाही, भर उन्हाळ्यातही तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. हे मी गाडीत सांगत होतो पण तेव्हा मागे व्हिडिओ चालू होता मुलांचा. आणि तो खांब म्हणजे हवामानाचं यंत्र आहे, युटा क्लायमेट सेंटरचं. उणे ५६ चा आकडा मी मनाने लिहिलेला नाही, १ फेब्रुवारी १९८५ ला तिथे उणे ६९.३ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे ५६ डिग्री, नोंदलं गेलंय, अलास्का सोडून अमेरिकेत याहून खाली फक्त मोंटानातला रॉजर्स पास, १९५४ चा, तोही अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी फरकाने. अगदी अलीकडे ३० जानेवारी २०२३ ला पण उणे ६२ फॅरनहाइटपर्यंत गेलं होतं. त्या दिवसांत आम्ही कोणालाच नेत नाही, कच्चा रस्ता बर्फाखाली असतो, आणि कोणी दुप्पट पैसे दिले तरी मी लहान मुलांना घेऊन तसल्या थंडीत जाणार नाही.

पैशाचं लिहिलंय की 'जागा फुकट आहे आणि हे पैसे घेतात'. जागा फुकटच आहे, नॅशनल फॉरेस्ट आहे, कोणीही आपल्या गाडीने जाऊ शकतं. आम्ही गाडी, पेट्रोल, जॅकेटं, नाश्ता याचे घेतो, आणि असं लोकांना घेऊन जायचं तर फॉरेस्टचं परमिट लागतं ते वेगळं. परतीला बेअर लेकला रास्पबेरी शेक पण त्यातच होता, तो तुमच्या मुलांना आवडला होता, छोटीने दोन घेतले, त्याचा उल्लेख रिव्ह्यूमध्ये नाही, असो.

थंड पोह्यांबद्दल एवढंच की ते सव्वाचारला उठून केले होते, साडेपाचला गाडीत खायचे म्हणून. पावणेनऊला ते गरम राहणार नाहीत. बायकोने डबा दोन टॉवेलांत गुंडाळून दिला होता.

आमचे सगळे मिळून चौदा रिव्ह्यू आहेत ताई. सीझन जुलै ते ऑक्टोबर, एकदा बर्फ पडला की संपलं. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका कुटुंबाने ऑक्टोबरचं बुकिंग कॅन्सल केलं, कारण विचारलं तर 'काही नसतं म्हणे तिथे' एवढंच म्हणाले. आम्ही मोठी कंपनी नाही, दोघंच आहोत, एक व्हॅन आहे आणि तिचे हप्ते चालू आहेत. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, ते तुमच्यावर, फक्त किती वाजता निघालो तेवढं तरी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पेजवरचा आकडा खाली घेतोय, वर 'पहाटे ५ म्हणजे ५' असं लिहायचं ठरवलंय, थर्मास नवे घेणार आहोत आणि मुलांच्या साइझच्या जॅकेटांचं पण काहीतरी बघतो. परत या भागात आलात तर एक पहाट माझ्याकडून, पैसे नकोत, फक्त वेळेत उठा.

छोटीचा गुलाबी हातमोजा मागच्या सीटखाली सापडलाय, डाव्या हाताचा. पत्ता इथे टाकू नका, मेसेज करा, सोमवारी पोस्टात टाकतो.